राजापेठची पाचवी हजेरी

अबे ऐका ना, मधात बोलू नका, मले आधी पूर्ण सांगू द्या. चहाचं नंतर पाहू. आन् स्वराली, तू आत्ताच हसू नको, हसायची जागा पुढं आहे.

मी रेडिओचं लायसन काढलं हे तुमाले माहीतच आहे. हॅम रेडिओ. नाही सोहम, एफएमवर गाणे लावतात ते नाही, तुले दहा वेळा सांगतलं. हातात वॉकीटॉकीसारखा सेट असते, बाजूले एक बटन. बटन दाबलं का आपण बोलायचं, सोडलं का दुसऱ्याचं ऐकायचं. दाबून ठेवलं तर आपल्याले कोणाचंच ऐकू येत नाही. हे ध्यानात ठेवा, सारी गोष्ट यावरच आहे.

तर दर रविवारी सकाळी साडेसातले आमचं नेट असते. नेट म्हणजे सभाच समजा, फक्त कोणी कोणाले दिसत नाही. अमरावती, अकोला, मोर्शी, मूर्तिजापूर, सगळे आपापल्या गच्चीवर सेट घेऊन उभे. चिखलदऱ्याकडं डोंगरावर एक रिपीटर ठेवला आहे. पेटीच ती. आपला बारका आवाज धरते आन् जोरात चारी बाजूले फेकते. एका वेळी एकाचाच आवाज धरते. नेटवर एकमेकांले गावाच्या नाहीतर मोहल्ल्याच्या नावानं हाक मारतात, म्हणून मी तिथं पौर्णिमा नाही, मी तिथं अमरावतीचं राजापेठ.

आन् ही सभा चालवतात उद्धव सर. अकोल्याचे. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर झाले. म्हणजे कॉलेजातून झाले, शिकवण्यातून नाही झाले. अकरा वर्षांपासून नेट तेच चालवून राहिले. हजेरी तेच घेतात, वहीत तेच लिहितात, आन् सुरुवातीले वीस मिनिटं 'नवोदितांसाठी शिष्टाचार' सांगतात. त्याची एक फाइल आहे त्यांच्याजवळ, बावीस नियमांची, प्रत्येक नियमाले चार पानं स्पष्टीकरण. इतकी जाड का तिच्यावर उभं राहून पंख्याची धूळ पुसता येते.

रेडिओवर सर बोलतात कसे, माहीत आहे? "नवोदित मित्रहो, आपण प्रथम ऐकावे, पुन्हा ऐकावे, आणि त्यानंतरही बोलण्याची घाई करू नये." असे. अकोल्याचा माणूस! जन्म अकोल्यात, सासुरवाडी अकोटची, आन् बटन दाबलं का एकदम पुण्याचे होऊन जातात.

नियम चार असा आहे, की एकाचं बोलणं झालं का दोन सेकंद रिकामे सोडायचे. कोणाले तातडीचं सांगायचं असलं तर त्याले घुसाले जागा पाहिजे. नियम खरंच चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण सर हा नियम समजावून सांगायले सात मिनिटं घेतात आन् त्या सात मिनिटांत एक सेकंद सोडत नाहीत. पेटीत आधी एक टायमर होता. कोणी तीन मिनिटांच्या वर बोललं का पेटी आपोआप त्याचं तोंड बंद करायची. सरांचं प्रवचन दर वेळी मधातच तुटे. मंग सरांनी काय केलं? प्रवचन लहान केलं? नाही. टायमर काढायले लावला. हे पण ध्यानात ठेवा.

माह्या पहिल्या रविवारी म्या चूक केली, कबूल आहे. घाई झाली, हातात नवीन सेट, म्या दाबलं बटन: "हॅलो, माझा आवाज येऊन राहिला का?" नेमकं तेव्हा कुंदननं श्वास घ्यायले बटन सोडलं होतं, त्याचं बोलणं संपलं नव्हतं. कुंदन पण अकोल्याचाच, सरांचा जुना विद्यार्थी, आता तीस-बत्तीसचा असन, पण अजून पहिल्या बाकावरच बसून आहे. सर शिंकले तरी म्हणन, "फार उपयुक्त माहिती, सर."

सर म्हणाले, "राजापेठ स्थानक, आपण दुसऱ्याच्या घरी जाताना दार वाजवता, की खिडकीतून उडी मारता?"

रेडिओवर हसणं ऐकू येत नाही, कारण बटन कोणीच दाबून नसते. तर कुंदननं मुद्दाम बटन दाबलं, हसून दाखवलं आन् सोडून दिलं. सांगा आता, याले काय म्हणावं?

शिक्षा म्हणून सरांनी मले बावीसही नियम हातानं लिहून फोटो पाठवायले लावले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या पोट्टीले! लिहिले म्या. का लिहिले? कारण मले रिद्धपूर पाहिजे होतं.

रिद्धपूरच्या यात्रेत आमच्या क्लबचे लोक दरवर्षी सेट घेऊन उभे राहतात. गर्दीत मोबाइल लागत नाही, तर कोण हरवलं, कोणाले चक्कर आली, हे निरोप आमचे लोक इकडून तिकडे देतात. मी सात वर्षाची असताना त्याच यात्रेत हरवली होती. अडीच घंटे. मले एवढंच आठवते का एक काका होते, त्यांच्या खांद्याले सेट होता, आन् ते त्यात बोलले, "पिवळा फ्रॉक, एकाच पायात चप्पल." बस. एवढंच. थोड्या वेळानं आई पळत आली. लायसन म्या त्याच्यासाठी काढलं. मले तिथं उभं राहाचं आहे, तसंच, सेट घेऊन.

आन् रिद्धपूरच्या टीममध्ये नवीन माणसाले घ्याचं तर सरांचा नियम आहे: सलग पाच रविवार नेटवर हजेरी. एक चुकला का परत शून्यापासून. माह्या चार झाल्या होत्या. यात्रेच्या आधीचा शेवटचा रविवार हा परवाचा. पाचवी झाली तर रिद्धपूर, नाही झाली तर पुढचं वर्ष.

म्हणून मी परवा सातलेच गच्चीवर. आई कपडे वाळू घालून राहिली होती, तिले म्हटलं, माय, बादलीचा आवाज करू नको, नियम नऊ.

साडेसातले सर सुरू झाले. शिष्टाचार. ऐकावे, ऐकावे, ऐकावे. कुंदन म्हणे फार उपयुक्त. मंग जुन्या लोकांची हजेरी सुरू झाली, दोन-तीन झाले, आन् सात पन्नासले सर म्हणाले, "सर्व स्थानकांनी पाच मिनिटे शांतपणे थांबावे, मी नोंदी तपासतो आहे." आन् खट्ट.

खट्ट म्हणजे त्यांनी माइक टेबलावर ठेवला, आन् त्याच्यावर फाइल ठेवली. ती जाड फाइल. बावीस नियमांची. नेमकी बटनावर.

पहिले मले समजलंच नाही. मले वाटलं सर बोलतील. तर ऐकू काय आलं?

"शैले! पोहे झाले का वो?"

स्वराली, आता हस.

म्हणजे पुणं गेलं ना एका सेकंदात! "शैले, यात लिंबू काहून नाही पिळलं? रोज सांगावं लागते का तुले?" आन् मागून शैलाकाकूंचा आवाज, "तुमाले हात नाहीत का? डब्यात कापून ठेवलं आहे." मंग चमचा, मंग खुर्ची सरकली, मंग पोहे चावायचा आवाज. रिपीटर एक नंबर आहे आमचा, शेंगदाणा फुटलेला पण अमरावतीले ऐकू आला.

म्या बटन दाबून पाहिलं. "सर, राजापेठ, तुमचा माइक..." काहीच नाही. पेटीनं सरांले धरून ठेवलं होतं, आन् सरांले कोणाचंच ऐकू येत नव्हतं. टायमर असता तर तीन मिनिटांत तोडलं असतं. टायमर कोणी काढला होता?

म्या फोन लावला तर बिझी. कारण सर तेवढ्यात कुंदनशी फोनवर बोलाले लागले होते. सरांची बाजू आमाले पूर्ण ऐकू येत होती.

"हाव रे कुंदन, खाऊन राहिलो. काय? आवाज दोनदा येते? तुह्या फोनचा स्पीकर गेला असन. रेडिओचा आवाज कमी कर पाहू. आता? बंद झाला ना दुसरा? मंग! म्हटलं नाही का, तुह्याकडूनच प्रॉब्लेम होता."

अबे! त्या बह्याडाले रेडिओतून सरांचं चावणं ऐकू येऊन राहिलं होतं, आन् सरांनी म्हटलं म्हणून त्यानं रेडिओच बंद केला!

मंग सर म्हणतात, "ते राजापेठची पोट्टी आहे ना, तिची आज पाचवी आहे. हाव. आता आठ वाजले. जुन्या लोकांचं मी सव्वाआठपर्यंत खेचतो आन् वेळ संपली म्हणून नेट बंद करतो. तिचा नंबरच नाही येत. रिद्धपूरले उन्हातान्हात पोट्टी उभी करायची, काही झालं तर जबाब कोण देईन? आन् तिच्या जागी तुह्या साळ्याले घेऊन टाकू." मंग जोरात हसले. "आन् पाह्य कुंदन, आज शिस्त पाह्य. दहा मिनिटं झाले, एक जण मधात बोलून नाही राहिला! अकरा वर्षांची मेहनत आहे बावा."

माह्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आईच्या हातात ओली चादर तशीच. ती म्हणे, "पौर्णिमा, हे तुह्याबद्दल बोलून राहिले का?" म्या म्हटलं, हाव. ती म्हणे, "मंग तू काहून उभी आहे अशी?"

आन् मले आठवला नियम सतरा. हातानं लिहिला होता ना, दोनदा लिहिला होता, कारण पहिल्या खेपेचा फोटो अंधुक म्हणून सरांनी परत पाठवला होता. नियम सतरा: रिपीटर अडला तर दोन मिनिटं थांबून सगळ्यांनी राखीव फ्रिक्वेन्सीवर जायचं, आन् जो पहिले पोचला त्यानं नेट पुढं चालवायचं. मी गेली राखीववर. तिथं पेटी नाही, आपल्या अँटेनात जेवढा दम तेवढं. दोन सेकंद ऐकलं, आन् फक्त आपला कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचा नंबर, सांगतला. थांबली.

तिकडून आवाज आला, हळू, एकदम निवांत. "राजापेठ, मूर्तिजापूर ऐकून राहिलं. बोल माय."

नत्थुजी काका. मूर्तिजापूरले बॅटरीचं दुकान आहे त्यांचं, दुकानावर केवढा तरी उंच खांब, त्याच्यावर अँटेना. अमरावती-अकोल्याच्या बरोब्बर मधात. चार रविवारांत म्या त्यांच्या तोंडून हजेरीशिवाय एक शब्द ऐकला नव्हता.

म्या म्हटलं, "काका, तुमी कवा आले?"

दोन सेकंद रिकामे. मंग, "माइक दबून दोन मिनिटं झाले का लगेच आलो. नियमच आहे ना. एका सेटवर सर ऐकत होतो, दुसऱ्यावर इथं वाट पाहून राहिलो होतो, कोनीच नाही आलं."

कोणी येईन कसं? तीस जण तिकडं सरांचे पोहे ऐकत बसले होते! नियम सगळ्यांले पाठ. दर रविवारी "होय सर, होय सर" करतात. पण फुकटचा तमाशा सोडून उठाले एक तयार नाही. सोळा वर्षं लायसन असलेले लोक, सांगून राहिली तुमाले, भिंतीले कान लावून बसल्यासारखे. म्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच शब्द टाकले: नियम सतरा. सर आन् कुंदन फोन कानाले लावूनच होते, त्यांले काय दिसणार? मंग आले एकेक, पाय ओढत.

म्या म्हटलं, "काका, तुमी पहिले पोचले, तुमी चालवा."

"म्या बोलावलं नाही कोनाले. तू बोलावलं. तू चालव. अकोल्याचे लोक तुले ऐकू नाही येनार, ते मी इकडून सांगतो. आन् लिवतो मी."

अन् चालवलं ना म्या! आईशप्पथ! एकेकाले गावाच्या नावानं बोलावलं. मोर्शी, पुढं या. बडनेरा, थांबा, आधी मोर्शी. प्रत्येकाच्या मागं दोन सेकंद रिकामे, मनात मोजून. अकोल्याचे लोक नत्थुजी काका सांगत होते, मी परत म्हणत होती. मोर्शीचे एक जण म्हणाले का त्यांच्याकडं पावसानं झाड पडून रस्ता अडला आहे, कोणी कारनं रिद्धपूरकडं निघणार असन तर त्या बाजूनं येऊ नका. हा निरोप ते कधीपासून घेऊन बसले होते, सरांच्या प्रवचनात घुसाले जागाच नव्हती. पंधरा मिनिटांत तीस स्थानकं. पंधरा! म्या आभार मानले आन् नेट बंद केलं. सोहम, मले इतका आनंद झाला होता का मी आईले मिठी मारली, ओल्या चादरीसकट.

मंग सगळे परत रिपीटरवर. का म्हणजे? तमाशाचा शेवट पाहाले.

आठ वीसले फाइल उचलली सरांनी. पेटीची पीप वाजली. आन् पुणं परत आलं: "नमस्कार. आज सर्व स्थानकांनी जी शांतता पाळली ती वाखाणण्याजोगी आहे. वेळेअभावी उर्वरित नोंदी..."

सरांनी बटन सोडलं. दोन सेकंद. मंग नत्थुजी काका.

"सर, मूर्तिजापूर. तुमचा माइक अर्धा घंटा दबून होता. पोह्यात लिंबू कमी होतं, समजलं आमाले. कुंदनच्या साळ्याचं पन समजलं."

मंग जी शांतता झाली ना, ती खरंच वाखाणण्याजोगी होती.

तुमाले वाटन आता सर माफी मागतील. बिलकुल नाही. सर म्हणाले, "तांत्रिक बिघाडामुळे आजचे नेट रद्द समजावे."

"रद्द काहून? झालं ना नेट. राखीववर. नियम सतरा, तुमचाच. राजापेठनं चालवलं, म्या लिवलं."

"वाचून दाखवा."

काकांनी एकेक नाव वाचलं. मोर्शी, बडनेरा, दर्यापूर, अकोल्याचे अकरा, सगळे. तीस. आन् मी ऐकत ऐकत थंड पडली. कारण मले समजलं. तीसमध्ये मी नव्हती. सगळ्यांची हजेरी घेतली म्या, आन् स्वतःची द्यायचीच राहून गेली. गधी! तोंडात कॉलसाइन, आन् द्यायचीच राहून गेली!

सरांले पण समजलं. आवाजात असं तूप आलं त्यांच्या. "नोंद पूर्ण आहे, धन्यवाद. मात्र या यादीत राजापेठ स्थानकाची हजेरी मला दिसत नाही. नियम तो नियम. त्यांनी पुढील वर्षी शून्यापासून प्रारंभ करावा."

कुंदननं रेडिओ परत लावला होता वाटते, कारण लगेच आला: "अगदी बरोबर, सर." अबे, ज्याले पूर्ण सकाळ काय झालं तेच माहीत नाही, तो म्हणते अगदी बरोबर!

म्या बटनावर अंगठा ठेवला. काय बोलू? नियमात तर सर बरोबर होते. अंगठा तसाच राहिला. आईनं माह्याकडं पाहिलं, म्या तिच्याकडं.

एक सेकंद. दोन सेकंद.

"मूर्तिजापूर. सर, राजापेठचं नाव यादीत नाही, हे खरं आहे. ते सगळ्यात वर आहे. जिथं नेट चालवनाऱ्याचं नाव लिवतात तिथं. तुमच्या वहीत तिथं तुमचं असते."

"ती हजेरी नव्हे."

"बरं. मंग तुमची वही उघडा. अकरा वर्षांची. तुमचं नाव खालच्या यादीत एकदा तरी आहे का, पाहून सांगा." आन् लगेच नाही, दोन सेकंद सोडून, "नसन तर सर, तुमी अकरा वर्षांत आपल्याच नेटवर एकदाही हजर नव्हते. रिद्धपूरले तुमालेही नाही येता येनार. शून्यापासून करा, आमी आहोत सोबत."

काकांचा आवाज जरासा पण वर नव्हता चढला, स्वराली. बॅटरीत पाणी कमी आहे म्हणून सांगतात ना, तसं सांगतलं.

मंग सरांनी बटन दाबलं, पण बोलले नाही. दाबून नुसते बसले असतील. आन् मागून शैलाकाकूंचा आवाज आला, अगदी साफ, चारी जिल्ह्यांत: "खरं तेच बोलून राहिले ते. लिहा तिचं नाव, आन् प्लेट द्या इकडं, घासाची आहे."

"नोंद घेतली," सर म्हणाले. आन् गेले.

तर मी चालली रिद्धपूरले! पण थांबा, सर ते सरच. संध्याकाळी कोण कुठं उभं राहीन त्याची यादी आली. कुंदनचा साळा मुख्य दारापाशी, सावलीत, खुर्चीसकट. कुंदन कंट्रोल रूममध्ये. आन् राजापेठ कुठं? चपला ठेवतात तिथं. शेवटी, मंडपाच्या मागं, उन्हात. यादीखाली एक ओळ आणखी: नियम तेवीस, नवोदितांनी माइकवर जड वस्तू ठेवू नये. नवोदितांनी! आन् त्याखाली कुंदन: फार उपयुक्त, सर.

आईले राग आला. ती म्हणे चपलांपाशी काहून, भांड त्याच्याशी. म्या म्हटलं, नाही. त्यांले वाटते माहा अपमान केला. त्यांले काय माहीत? हरवलेलं लेकरू दारापाशी येत नाही अन् कंट्रोल रूममध्ये तर बिलकुल येत नाही. जिथं चप्पल काढली होती तिथंच येते आन् रडत उभं राहते, का आई इथंच येईन म्हणून. मी पण तिथंच उभी होती, एका पायात चप्पल घालून.

सेट चार्जिंगले लावून आली आहे. आता सांगा चहा.